पीचच्या फांदीचं वाण

मेधा टिपणीसचं कुंकू कायम वाकडं. चौतीस वर्षं संसार केला, त्यातली बावीस सिंगापुरात, यिशुनच्या एकाच फ्लॅटमध्ये, पण कपाळाच्या मध्यावर कुंकू म्हणून कधी लागलं नाही. सकाळी देवापुढे उभं राहायचं, देवीला लावून बोटाला उरेल ते स्वतःच्या कपाळाला टेकवायचं आणि पर्स उचलून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, गाठायची. देवघरात आरसा नाही आणि बाईला दम नाही. मग दारात सॅंडल चढवताना मनोहर तिला अडवायचा. "अगं, आज पार भुवईवर उतरलंय," म्हणत अंगठ्याने सारखं करायचा आणि तो अंगठा आपल्या रुमालाला पुसायचा. त्याच्या झाडून सगळ्या रुमालांच्या कोपऱ्यात लाल डाग होते. धुऊन जायचे नाहीत.

मनोहर गेला मे महिन्यात. सकाळी चहा प्यायला, लिफ्टपाशी पडला, संपलं. तेव्हापासून मेधा टिकली लावायची, बाथरूमच्या आरशात नीट बघून. आणि टिकलीला कुणाचंही काही म्हणणं नव्हतं बरं का! आपल्या लोकांची ही एक गंमतच आहे. नवरा गेलेल्या बाईने टिकली लावली तर चालते, जीन्स घातली चालते, तिने एकटीने जपान फिरून यावं असं तर सगळ्याच सांगतात. पण हळदीकुंकू म्हटलं रे म्हटलं, की कंडोच्या चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या, मोठमोठ्या बॅंकांत साहेबीण असलेल्या बायकांनाही एकदम शास्त्र आठवतं.

संक्रांतीच्या आधी स्मिताचा फोन आला. स्मिता म्हणजे मेधाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी एकाच वर्षी सिंगापूरला आल्या, मुलींच्या शाळेच्या दारात भेटल्या. आता स्मिता बुकित तिमाहला राहते आणि मराठी बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवते. मनोहर गेला तेव्हा तेरा दिवस डबा तिने पोचवला होता, तोही स्वतः, दोन बस बदलून. म्हणून तर ते जिव्हारी लागलं. दुसरी कुणी असती तर मेधाने हसून सोडून दिलं असतं.

"मेधा, यंदा हळदीकुंकू माझ्याकडे करू या का?" स्मिता म्हणाली. "तू किती वर्षं करतेयस. जरा आराम कर. तू लवकर ये, मला शिऱ्याचं बघायला कुणीतरी हवंच. आपण दोघी आत मस्त गप्पा मारू."

"आत म्हणजे कुठे?"

"आत म्हणजे... किचनमध्ये गं."

"आणि बाहेर कुंकू कोण लावणार?"

"मी लावीन ना."

"आणि मी आत शिरा ढवळीन."

"तसं नाही गं! मला मेलीला काय आहे त्याचं? पण आमच्या सासूबाई आल्यात इंडियाहून. नीताची आई आलीये. लोक बोलतात, आणि मग तुलाच वाईट वाटेल."

"लोक म्हणजे कोण? नावं सांग."

नावं येणार नाहीत हे मेधाला माहीत होतं. ती म्हणाली, "हे बघ, रथसप्तमी शनिवारी येतेय. दरवर्षीसारखं माझ्याकडे, चारनंतर. आणि यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नाहीत की स्टीलच्या वाट्या नाहीत. प्रत्येकीला फुललेली पीचची फांदी देणार आहे. सासूबाईंनाही घेऊन ये."

फोन ठेवला आणि मग तिला कळलं, आपण काय बोलून बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला! फुललेली फांदी म्हणे. पण आता माघार घेईल ती मेधा कसली. तिने तेच शब्द जसेच्या तसे ग्रुपवर टाकले.

ग्रुपवर हात जोडले गेले, अंगठे आले, "बघते गं" आलं, "त्या दिवशी ट्यूशन आहे" आलं. आणि दुपारी ग्रुपातल्या नीताचा एक मेसेज आला. तो बहुधा दुसऱ्या कुणाला पाठवायचा होता. "बघू या हं, त्या हाताने फांद्या फुलतात का ते!" मिनिटभरात तिने तो पुसला. पण मेधाने वाचला होता. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. हातातला पिळा तिने इतका करकचून पिळला की आधीच पिळलेल्या चादरीतून आणखी पाणी निघालं.

"फुलवून दाखवते," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

आता फांद्या फुलवणं ही काही तिला नवी गोष्ट नव्हती. शेजारच्या दारात लिम आंटी राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र धडधाकट. टिपणीस हे आडनाव तिला झेपत नाही म्हणून ती मेधाला "मिसेस टिप" म्हणते. चिनी नव्या वर्षाला आंटीच्या घरात माणसाएवढी पीचची फांदी हवीच. थंड मुलखात हिवाळा सरता सरता तोडलेली, कळ्या घट्ट मिटलेली अशी ती विमानाने येते, आणि घरात नव्या वर्षाच्या मुहूर्तावर ती फुलली की वर्ष चांगलं जातं, असं त्यांच्यात मानतात. गेली काही वर्षं आंटीला वाकता येत नाही म्हणून मेधाच तिची फांदी सांभाळायची. आंटी खुर्चीत बसून हुकूम सोडायची.

"मिसेस टिप, इथे फुलवणं सोपं, लाह! थांबवणं कठीण," आंटी दरवर्षी न चुकता सांगायची. खरंच होतं ते. बिचारी फांदी थंडीतून निघून सिंगापुरात उतरते, तिला वाटतं वसंत आला, आणि ती दोन-चार दिवसांत भसाभस फुलून मोकळी होते. नव्या वर्षाला नुसत्या काड्या. म्हणून आधी तिला झोपवायचं आणि मग उठवायचं. खोली गार ठेवायची, पडदे ओढायचे, पाण्यात बर्फाचे खडे टाकायचे. मग दिवस जवळ आला की कोमट पाणी, उजेड, आणि फवारणीच्या बाटलीने कळ्यांवर हलका ओलावा. देठ तिरका कापून खाली उभी चीर द्यायची, पाणी रोज बदलायचं.

मेधाला नव्या वर्षाच्या दिवशी नव्हे, त्याच्या सातव्या दिवशी फुलं हवी होती. रथसप्तमी त्या वर्षी तिथेच येत होती. आंटीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सातवा दिवस? सातवा दिवस म्हणजे आमच्यात सगळ्या माणसांचा वाढदिवस. तुझा पण, माझा पण."

"सगळ्यांचा? विधवांचा पण?"

आंटीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकं फिरलंय. "विधवा माणूस नाही?" ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ती स्वतः वीस वर्षांपासून विधवा होती.

मेधाने नर्सरीतून फांद्यांच्या जुड्या मागवल्या, मापाने छोट्या, हातभर उंचीच्या. मैत्रेयीची खोली रिकामीच होती. मैत्रेयी म्हणजे तिची मुलगी, क्लेमेंटीला युनिव्हर्सिटीत संशोधन करते आणि तिथेच खोली घेऊन राहते. त्या खोलीत मेधाने बादल्या मांडल्या, पडदे ओढले, एसी लावला. फवारणीची बाटली, कात्री, बर्फाचा डबा, सगळं हाताशी. रोज सकाळ-संध्याकाळ आत जाऊन ती कळ्या तपासायची. टपोऱ्या, गुलाबी टोकांच्या, शहाण्यासारख्या मिटलेल्या. गुणाच्या गं माझ्या बाया, असं ती त्यांना म्हणायचीसुद्धा. नोकरीत होती तेव्हा शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये तिच्या हाताखालची पोरं तिला टरकून असत. त्यांनी हे पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

आणि इथे माशी शिंकली.

मेधाच्या हळदीकुंकवाला केळ्याचा शिरा ठरलेला. सढळ तूप, वेलची आणि पिकलेली केळी. त्यासाठी तिने टेक्का मार्केटमधून वेलची केळ्यांचा एक चांगला दणदणीत घड आणला, पिवळा होत आलेला. आता सिंगापुरातल्या बायकांना ठाऊक आहे, केळी बाहेर ठेवली की रात्रीत काळी. फ्रीजमध्ये घड मावेना. मग गार जागा कुठली? मैत्रेयीची खोली! तिने तो घड नेऊन पलंगावर वर्तमानपत्रावर ठेवला, बादल्यांच्या शेजारी, आणि दार घट्ट ओढून घेतलं.

बुधवारी सकाळी ती आत गेली आणि तिच्या पायाखाली काहीतरी मऊ चिरडलं. दिवा लावला. जमिनीवर कळ्याच कळ्या. गुलाबी टोकं तपकिरी पडलेली. तिने एका फांदीला नुसतं बोट लावलं तर होत्या नव्हत्या त्याही टपटप खाली आल्या.

ती मैत्रेयीच्या पलंगावर बसली. रडू आलं नाही. नीताचा तो पुसलेला मेसेज मात्र डोळ्यांसमोर लख्ख आला. आणि खोटं कशाला बोला, क्षणभर मेधा टिपणीसलाही वाटून गेलं, की खरंच असेल का काही? मनोहर असताना आंटीची फांदी याच हाताने दरवर्षी फुलत होती. हात तोच आहे. मग बदललं काय? तिने आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. त्या क्षणाची तिला नंतर फार लाज वाटली, पण तो आला होता हे खरं.

मग तिच्या नाकात वास गेला. गोड, दाट, पिकल्या केळ्यांचा, बंद खोलीत कोंडलेला. तिने मान वळवून घडाकडे पाहिलं. घड पिवळाधमक झाला होता.

"अगं भवाने!" ती स्वतःलाच म्हणाली.

कच्ची पपई लवकर पिकावी म्हणून पिशवीत एक पिकलं केळं टाकायचं, हे काय तिला माहीत नव्हतं? तिनेच तर अर्ध्या ग्रुपला शिकवलं होतं! केळ्याच्या वाफेने पपई पिकते, तर नाजूक कळीचं काय होणार? पण कळतं पण वळत नाही, तशातली गत. मेधा उठली. संतापाने तिने तिथेच उभ्या उभ्या दोन केळी सोलून खाल्ली, उरलेला घड उचलून स्वयंपाकघरात आपटला, आणि खिडकी सताड उघडली. इतकं हलकं तिला मे महिन्यानंतर कधी वाटलं नव्हतं. चूक होती! शुद्ध, साधी, स्वतःची चूक. अपशकुन नव्हता.

पण फांद्या बोडक्याच होत्या. तिने उरलेले दिवस कोमट पाणी दिलं, दिवा लावला, फवारत राहिली. नर्सरीत फोन केला, तर नव्या वर्षानंतर फांदी औषधालाही शिल्लक नाही म्हणाले. शुक्रवारपर्यंत कुठे कुठे एखादं चुकार फूल उमललं. बाकी फांद्यांवर, गळलेल्या कळ्यांच्या अगदी बाजूला, हिरवी टोकं वर आली होती. पानं.

संध्याकाळी मैत्रेयी आली, बादल्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई, कॅन्सल कर ना, लाह. आपण ऑर्किड्स घेऊ. कुणाला काय कळतंय?"

"मी फांदी म्हटलंय."

"बट दे विल टॉक! तुला माहितीये त्या काय बोलतील. मला नकोय गं कुणी तुला काही बोललेलं." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"बोलू देत. माझ्या दारात येऊन, माझा शिरा खाऊन, माझ्या तोंडावर बोलू देत. त्याला हिंमत लागते."

लिम आंटी काठी टेकत बघायला आली. मेधाला वाटलं, म्हातारी काहीतरी धीराचं बोलेल. कसलं काय! आंटीने फांदी हातात घेऊन फिरवली. "फूल खलास," ती म्हणाली. "पान आलं. पानाला कोण विचारतं? माझी फांदी घेऊन जा, भरपूर फुललीय. कापून सगळ्यांना दे."

"नको आंटी. माझ्या हाताखाली जे फुटलं तेच देणार."

"हट्टी," आंटी म्हणाली.

"आहेच," मेधा म्हणाली.

शनिवार उजाडला. तिने दूध उतू घातलं, सूर्याचा रथ काढला, आणि दुपारी मनोहरने घेतलेली जांभळी पैठणी नेसली. खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, कुणीतरी नव्या वर्षाचा चिनी सिंहनाच बोलावला होता, ढोल नुसता दणदणत होता. चार वाजले, कुणी नाही. साडेचार झाले, तरी कुणी नाही. मैत्रेयी दर पाच मिनिटांनी दाराशी जाऊन यायची. मेधा सोफ्यावर ताठ बसून होती, कोयरी समोर, फांद्या बादलीत. सारखं लिफ्टकडे कान लागले होते.

मग सात-आठजणी एकदमच आल्या. एकेकटीने यायची छाती झाली नसणार. त्यांच्यात नीता होती. तमाशा चुकवायचा नाही म्हणून आली असेल. पाठोपाठ आणखी काही आल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी स्मिता, एकटी. "सासूबाईंचं डोकं दुखतंय," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

मेधाने सुरुवात केली. प्रत्येकीला हळद, कुंकू, मनगटाला अत्तर, हातावर तिळगूळ आणि एक फांदी. कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी कपाळं पुढे केली. पण आपल्यात रीत काय आहे? जिने लावलं तिला आपण उलट लावायचं. कोयरी घ्यायची, घरच्या बाईच्या कपाळाला बोट लावायचं, मग बसायचं. तिथे मात्र प्रत्येकीला काहीतरी होत होतं. एकीचा फोन वाजला. एकीला तिळगूळ फारच आवडला. एकीने मैत्रेयीला रिसर्चबद्दल विचारायला सुरुवात केली. कोयरी टेबलावर होती तिथेच होती, आणि मेधाच्या कपाळावर तिची टिकली.

नीताने फांदी उजेडात धरली. "अय्या, ही तर पानं! मेधाताई, फुलं म्हणाला होतात ना?"



"म्हणाले होते," मेधा म्हणाली. "कळ्या गळाल्या. शेजारी पिकली केळी ठेवली मी, अक्कल गहाण टाकून. तीच केळी आता शिऱ्यात आहेत, खाऊन बघ. केळ्यांनी गळाल्या, नीता. माझ्या कपाळाने नाही." तिने नीताकडे सरळ बघितलं. "त्या हाताचाही काही दोष नाही."

नीताचा चेहरा खर्रकन उतरला. तिने फांदी खाली घेतली आणि मग बराच वेळ मान वर केली नाही.

शेवटी राहिली स्मिता. मेधाने तिला हळद लावली, कुंकू लावलं. दोघींचे डोळे तेव्हाच पहिल्यांदा भिडले. आणि बावीस वर्षांच्या सवयीने स्मिताचा हात कोयरीकडे गेला. गेला, आणि मध्येच थांबला. सगळ्याजणी बघत होत्या. स्मिताचे डोळे भरले, पण हात काही पुढे जाईना. मेधा वाट बघत राहिली. खाली ढोल थांबला होता. स्मिताने हात मागे घेतला.

"बरं," मेधा म्हणाली.

तिने कपाळावरची टिकली काढली आणि टेबलाच्या कडेला चिकटवून टाकली. कोयरी आपल्याकडे ओढली. बोट बुडवलं, आणि सगळ्यांसमोर, आरसा न बघता, स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं. मग कोयरीचं झाकण लावलं आणि मान वर केली.

"झालं माझं. मैत्रेयी, शिरा आण. बसा गं सगळ्या, उभ्या काय?"

कुणी बसेना. मैत्रेयी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खिळून उभी होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मेधा बश्या घ्यायला उठली.

"मेधा, थांब," स्मिता म्हणाली.

ती पुढे आली. अगदी जवळ येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिचं नाक चोंदलेलं मेधाला ऐकू येत होतं. तिने एका हाताने मेधाची हनुवटी धरली.

"वाकडं लागलंय गं," ती म्हणाली. "पार भुवईवर उतरलंय."

तिने अंगठ्याने ते कुंकू सावकाश सारखं केलं, कपाळाच्या बरोबर मध्यावर आणलं. आणि रुमाल सापडेना म्हणून तो लाल अंगठा आपल्या मोतिया सिल्कच्या पदराला पुसला.